खुर्ची खाली राहते की वर जाते? पालो आल्टोच्या मॅजिकल ब्रिज क्रीडांगणाचं प्रकरण

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक छोटं सार्वजनिक उद्यान आहे. दोन घसरगुंड्या, चार झोके, एक माकडशिडी आणि खाली सगळीकडे टॅनबार्क, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे. बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, ज्यांनी लहान मुलं वाढवलीत त्यांना हा शब्द चांगला माहीत असतो. संध्याकाळी घरी आल्यावर बुटांतून, मोज्यांतून, केसांतून टॅनबार्कच निघत असतो.

माझी धाकटी लेक व्हीलचेअर वापरते. वॉकर धरून ती थोडं अंतर चालते, बाकी सगळं चाकांवर. त्या उद्यानातली सिमेंटची वाट टॅनबार्कच्या कडेपर्यंत छान जाते आणि तिथे संपते. पुढची लहान चाकं सालीत रुतली की खुर्ची पुढे कलंडते. मग खुर्ची कडेला लावायची आणि लेकीला उचलून खेळण्यापर्यंत न्यायचं. पायऱ्यांच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीची एक रुंद फळी आहे. तिथे तिला बसवायचं आणि तिने हातांवर जोर देत, एकेक पायरी सरपटत वर चढायचं. ती वर पोचेपर्यंत बाकीची मुलं दोनदा घसरून पुन्हा रांगेत आलेली असतात. ती घसरून खाली येते तेव्हा खुर्ची पार दुसऱ्या टोकाला असते आणि मागून पुढचं मूल ओरडत असतं, ‘बाजूला हो!’ तिला पटकन बाजूला होता येत नाही.

मी उद्यान विभागाला पत्र लिहिलं. उत्तर सौजन्याचं होतं. त्यात म्हटलं होतं की हे क्रीडांगण अपंगांसाठीच्या कायद्यातल्या सगळ्या निकषांत बसतं. मी निकष काढून वाचले. ते खरंच बसत होतं. तेव्हापासून मला एकच प्रश्न छळत राहिला: नियम पाळूनही माझी लेक खेळाबाहेर कशी राहते? त्याचं उत्तर मला आमच्या भागातल्याच एका क्रीडांगणात सापडलं. पालो आल्टो शहरातल्या मिचेल पार्कमधलं हे क्रीडांगण, नाव मॅजिकल ब्रिज. ते कसं झालं, तिथे नेमकं काय वेगळं केलं आहे आणि त्यालाही काय जमलेलं नाही, हे सविस्तर लिहिते आहे. इथल्या मराठी घरांतून ‘मुलीला घेऊन कुठे जाऊ?’ असं मला सतत विचारलं जातं, त्यांच्यासाठी. आणि पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात नव्या बागांचे नकाशे पाहणाऱ्यांसाठीही.

आधी नियम काय आहेत ते

अमेरिकेत 1990 मध्ये अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा आला. त्याला सगळे ‘एडीए’ म्हणतात. इमारती, बसगाड्या, दुकानं यांच्यासाठीचे नियम आधी झाले. क्रीडांगणांचे तपशीलवार नियम अ‍ॅक्सेस बोर्ड या सरकारी संस्थेने 2000 मध्ये काढले आणि एडीएच्या 2010 च्या मानकांत शिरून ते 15 मार्च 2012 पासून नव्या बांधकामांना सक्तीचे झाले. या नियमांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. त्यांच्या आधी काहीच नव्हतं. पण ते कसे लिहिलेत ते पाहिलं पाहिजे.

त्यात क्रीडांगणाचे दोन भाग धरले आहेत: जमिनीवरची खेळणी आणि उंचावरची खेळणी. उंचावरच्या खेळण्यांपैकी निम्म्यांपर्यंत तरी अपंग मुलाला पोचता आलं पाहिजे. ती एकूण वीस किंवा जास्त असतील, तर त्यांतल्या किमान चौथ्या हिश्शापर्यंत उताराची वाट, म्हणजे रॅम्प, हवा. वीसच्या आत असतील तर रॅम्पची सक्ती नाही, बसून चढायची फळी पुरते. तिची उंची 11 ते 18 इंच. तिच्यापुढच्या पायऱ्या प्रत्येकी 8 इंचांपेक्षा उंच नकोत. वस्तीतलं साधं उद्यान सहसा वीसच्या आतच असतं, म्हणून तिथे फळीच येते. आमच्याकडची फळी ती हीच.

जमिनीच्या पृष्ठभागाचंही तसंच. व्हीलचेअर चालेल असा पृष्ठभाग हवा, आणि मूल पडलं तर डोकं फुटू नये इतका तो मऊही हवा. या दोन गोष्टींच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. व्हीलचेअरच्या चाचणीत त्या पृष्ठभागावरून खुर्ची ढकलायला किती जोर लागतो ते मोजतात. दर 14 इंचांना 1 इंच चढणाऱ्या कठीण उतारावर जितका जोर लागेल, त्यापेक्षा कमी लागला की पृष्ठभाग पास. लाकडाचा खास बारीक केलेला भुसा नीट दाबून बसवला तर या चाचणीत पास होतो. पण चाचणी होते नव्याकोऱ्या, सपाट थरावर. झोक्याखाली महिनाभर मुलांचे पाय घासले की तिथे खड्डा पडतो, घसरगुंडीच्या तोंडाशीही पडतो. म्हणजे खेळाची जी मुख्य जागा, तिथेच तो पृष्ठभाग सगळ्यात आधी बिघडतो. रोज कुणी दाताळं घेऊन तो सारखा केला तर ठीक. तसं कोण करतं?

या सगळ्या निकषांत मोजली जातात ती खेळणी, वाटा, उंची आणि जोर. खेळ रंगात आलेला असताना मूल कुठे आहे, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही. पोचता येणं ही एक गोष्ट. पोचल्यावर बाकीच्या मुलांबरोबर तिथे राहता येणं ही दुसरी. फळीवरून सरपटत वर गेलेली माझी लेक कागदावर ‘पोचलेली’ असते. तिची खुर्ची खाली असते. वर गेल्यावर ती फक्त बसू शकते, आणि खेळ पुढे सरकला की तिथेच राहते. म्हणून हल्ली कुठल्याही उद्यानात गेले की मी एवढंच बघते: खुर्ची खाली राहते की वर जाते?

एका झोक्यापासून सुरुवात

पालो आल्टोतल्या ओलेन्का व्हिलारियल यांची गोष्ट बे एरियात आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यांच्या धाकट्या मुलीला जन्मापासून विकासात अडचणी होत्या. झोके घेतल्याने तिला फायदा होईल असं थेरपिस्टनी सांगितलं. तोल सांभाळायचं, आपलं शरीर कुठे आहे हे ओळखायचं जे ज्ञान कानाच्या आतल्या भागातून मेंदूला मिळतं, त्याला झोक्याने चालना मिळते. उपचार केंद्रात झोका होता, पण तिथल्या प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. म्हणून त्या शहरातल्या बागा बघत निघाल्या. पाठीला आधार आणि अंगाला पट्टा असलेला झोका त्यांना हवा होता. पालो आल्टोत तीसहून जास्त सार्वजनिक उद्यानं आहेत. त्यांच्या मुलीला बसता येईल असा झोका त्यांना एकाही ठिकाणी मिळाला नाही. आणि ही उद्यानं कायदा मोडत होती असं नाही. हे वाचलं तेव्हा मला माझ्या पत्राला आलेलं उत्तर आठवलं.

मग व्हिलारियल शहर प्रशासनाकडे गेल्या. मागणी एका झोक्यापासून सुरू होऊन पूर्ण क्रीडांगणापर्यंत गेली. मिचेल पार्कच्या एका कोपऱ्यातली, वापरात नसलेली जागा द्यायला शहर तयार झालं आणि नियोजनासाठी काही रक्कमही दिली. बाकीचे पैसे नागरिकांनी उभे करायचे असं ठरलं. स्वयंसेवकांचा गट जमला, देणग्या मागितल्या गेल्या, भूदृश्य रचनाकार पीटर जेन्सन यांनी आराखडा केला. एकूण खर्च साधारण 40 लाख डॉलर झाला. क्रीडांगण 18 एप्रिल 2015 ला उघडलं. क्षेत्रफळ सुमारे 22,000 चौरस फूट, आपल्या मापात वीस गुंठे.

मिचेल पार्क 1957 चं. ते रॉबर्ट रॉयस्टन या भूदृश्य रचनाकाराने आखलं, आणि मुलांना घडवलेल्या जागांत मोकळं सोडावं हा त्यांचा आग्रह होता. त्याच उद्यानात जवळजवळ साठ वर्षांनी हा नवा तुकडा जोडला गेला. मला हे आवडतं, कारण मॅजिकल ब्रिज कुठे शहराबाहेर नेऊन ठेवलेलं नाही. शेजारी वाचनालय आहे, टेनिस कोर्ट आहेत, मोठी झाडं आहेत. थोरल्या बहिणीला पुस्तकं घ्यायची असली तर त्याच फेरीत होतं.

आत गेल्यावर

पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. इथल्या बागांत त्या नेहमी बाकावरच बसायच्या आणि दुरून नातींना हाक मारायच्या. हे मुद्दाम सांगते आहे. खुर्चीवर बसणारं मूल आणि जिना न चढणारी आजी, या दोघींना अडवणारी पायरी तीच असते.

दारातून आत गेलं की सगळीकडे रबर आणि कृत्रिम हिरवळ. चाकं रुतत नाहीत, आवाजही करत नाहीत. क्रीडांगणाला कुंपण आहे. नीट चालणाऱ्या मुलांच्या पालकांना त्याचं एवढं काही वाटणार नाही, पण स्वमग्न मूल अचानक धूम ठोकतं तेव्हा काय होतं ते आमच्या गटातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. तिथे बाप मुलाच्या मागे पळत नाही. तो बाकावर बसून दुसऱ्या बापाशी बोलतो. त्या दोघांना तसं निवांत बोलताना मी पाहिलं आणि मला भरून आलं.

खेळणी हालचालींप्रमाणे वेगवेगळ्या भागांत मांडली आहेत. झोके एकीकडे, गोल फिरायची खेळणी एकीकडे, घसरगुंड्या एकीकडे, संगीत एकीकडे, अगदी लहानग्यांचं वेगळं. साध्या बागेत हे सगळं एकाच मनोऱ्याला लटकवलेलं असतं, त्यामुळे झोक्यातून उतरणारं मूल घसरगुंडीवरून येणाऱ्यावर आदळतं. विभाग पाडले की टक्कर टळते. शिवाय ज्या मुलाला अचानक आलेला आवाज किंवा धक्का सहन होत नाही, त्याला पुढे काय आहे ते आधीच कळतं. फिरायचं नसेल तर त्या बाजूला जायचंच नाही. आणि सगळंच अंगावर आलं, तर थोडं बाजूला, आत शिरून शांत बसता येईल अशा आडोशाच्या जागा ठेवल्या आहेत. पूर्वी माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा असा घाबरला की ती त्याला थेट गाडीत नेऊन बसवायची आणि तिथेच दिवस संपायचा. इथे तो दहा मिनिटं आत बसतो आणि परत येतो.

गोल फिरणारं चक्र जमिनीच्या पातळीत बसवलेलं आहे. खुर्ची सरळ त्यावर ढकलायची. लेक खुर्चीतच बसते, शेजारी तिची बहीण उभी राहते आणि तिसरं कुणीतरी चक्र फिरवतं. पहिल्या दिवशी फिरवणारा मुलगा अनोळखी होता. त्याने विचारलं, ‘जोरात हवं की हळू?’ तिला असं कुणी आधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, जोरात.

संगीताच्या भागात जेन लुइन या कलाकार बाईंनी केलेली एक वीणा आहे. तिला तारा नाहीत, प्रकाशाचे किरण आहेत. हात, पाय, डोकं, चाक, काहीही आडवं गेलं की सूर निघतो. बोटांनी तार छेडायची ताकद लागत नाही. ज्याचे हात आपोआप हलतात, ज्याला ते आवरत नाहीत, त्याच्या त्या हालचालीतूनही सूर निघतो. इतर मुलं ते ऐकून वळून बघतात आणि त्यात आपला सूर मिसळतात. मला सबंध क्रीडांगणातली ही सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

आता घसरगुंडी, कारण माझा मुद्दा तिथेच उभा राहतो. रॅम्पने सहा फूट चढायचं तर दर 12 इंचांना 1 इंच या उताराने 72 फूट लांब वाट लागते. नियमाप्रमाणे फूटभर चढ झाला की सपाट टप्पा द्यावा लागतो, तो धरला तर आणखी वाढते. लोखंडी मनोऱ्याभोवती इतका लांब रॅम्प गुंडाळायचा म्हणजे खर्च वाढतो आणि ते सगळं पार्किंगच्या इमारतीसारखं दिसतं. मॅजिकल ब्रिजमध्ये जमिनीचीच टेकडी केली आहे आणि घसरगुंड्या टेकडीच्या उतारावर टेकवल्या आहेत. वर जायची वाट टेकडीला वळसा घालून सावकाश चढते. सगळीच मुलं त्याच वाटेने वर जातात, कारण दुसरी वाट नाही. पळणारी पळत जातात, माझी लेक चाकांवर जाते, आणि वर सगळ्यांची एकच रांग लागते. खुर्ची वर जाते.

वरून ती घसरते तेव्हा खुर्ची मात्र वर राहते. ही अडचण इथल्या लोकांनी आधीच ओळखली होती. घसरगुंडीच्या खालच्या तोंडाशी, बाजूला, बसण्याजोगी रुंद जागा ठेवली आहे. तिला ते लोक ‘डिग्निटी लँडिंग’ म्हणतात. मी घरी ‘मानाची जागा’ म्हणते. घसरून आलेलं मूल सरकून तिथे बसतं, मागच्यांची वाट अडत नाही, आणि वरून कुणीतरी खुर्ची फिरवून आणेपर्यंत ते जमिनीवर पडून राहत नाही. मागून ‘बाजूला हो’ असं कुणी ओरडायची वेळच येत नाही. पहिल्यांदा मी खुर्ची घेऊन टेकडीवरून खाली आले तेव्हा माझी लेक तिथे दुसऱ्या एका मुलीशेजारी बसून बोलत होती. ती मुलगी चालणारी होती, तिला थांबायची गरज नव्हती. बसायला जागा होती म्हणून बसली होती. मला बघून लेक म्हणाली, ‘आई, थांब ना जरा.’ मी खुर्ची धरून उभी राहिले.

दोन मजली खेळघर झाडांत आहे आणि वरच्या मजल्यावर उताराच्या वाटेने जाता येतं. सासूबाई वर गेल्या. जाताना त्या प्रत्येक वळणावर पुढे बघत होत्या, आता जिना येईल म्हणून. वर पोचल्यावर म्हणाल्या, ‘अगं, इथे जिनाच नाही!’ खिडकीतून त्यांनी खाली माझ्याकडे बघून हात हलवला. अमेरिकेत आल्यापासून खेळाच्या आत त्या पहिल्यांदाच गेल्या होत्या. खाली एक छोटा रंगमंच आहे. तिथे त्या दिवशी दोघी बहिणींनी त्यांना बसवून नाटक केलं.

आई-वडीलच व्हीलचेअर वापरणारे आणि मूल धडधाकट, अशी कुटुंबंही असतात हे आपण विसरतो. दोन वर्षांचं पोर मनोऱ्यावर चढून रडायला लागलं तर टॅनबार्कच्या कडेला अडकलेल्या बापाने काय करायचं? इथे तो त्याच्यापर्यंत पोचतो.

वेगळी बाग की सगळ्यांची बाग

अशा जागांचं दुसरं एक रूप टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत आहे. गॉर्डन हार्टमन या बांधकाम व्यावसायिकाने, स्वतःच्या मुलीला डोळ्यांपुढे ठेवून, जुन्या दगडखाणीच्या जागेवर 25 एकरांत मॉर्गन्स वंडरलँड उभारलं. ते 2010 मध्ये उघडलं. अपंग व्यक्तींना तिथे प्रवेश मोफत आहे. 2017 मध्ये शेजारी जलक्रीडेची वेगळी बाग जोडली. तिथे बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात भिजल्या तरी न बिघडणाऱ्या व्हीलचेअर वापरायला मिळतात. ते काम मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती तिकिटाची, ठरवून जायची जागा आहे. वर्षातून एकदा जाऊन येण्याने मुलाला शेजारपाजारचे सवंगडी मिळत नाहीत. मंगळवारी शाळा सुटल्यावर तासभर जाता येईल अशी बाग मला जास्त मोलाची वाटते, आणि मॅजिकल ब्रिजचं मोल मी त्याच मापाने मोजते.

याच कारणाने ‘विशेष मुलांचं उद्यान’ अशी पाटी लावायला माझा विरोध आहे. पाटी लावली की चालणाऱ्या मुलांचे पालक दुसरीकडे जातात, आणि मग उरतो तो मोकळ्या हवेतला उपचार वर्ग. मॅजिकल ब्रिजमध्ये बहुसंख्य मुलं अपंग नसतात. ती इथे येतात कारण जागा मजेशीर आहे. रचनेत हे साधलं नसतं तर बाकी सगळी सोय असूनही माझी लेक एकटीच राहिली असती.

जे जमलेलं नाही

शनिवारी दुपारी तिथे जाऊ नका. फ्रीमॉन्टहून, सॅन होजेहून, त्याहूनही लांबून लोक गाड्या काढून येतात. गर्दी वाढली की ज्या मुलांसाठी शांत कोपरे केले, त्यांनाच गोंगाटाने घरी जावं लागतं. आधाराच्या झोक्यात मोठी, धट्टीकट्टी मुलं ठाण मांडून बसतात, आणि अशा वेळी ‘माझ्या मुलीला बसू दे’ म्हणायचा बोजा पुन्हा आईवरच येतो. मॅजिकल ब्रिजमागच्या संस्थेने किशोरवयीन स्वयंसेवक तयार केले, जे मुलांना एकमेकांत मिसळायला मदत करतात. ते असतात त्या दिवशी फरक लगेच दिसतो. ते नसतात त्या दिवशीही दिसतो.

रबर उन्हात तापतं. कोपऱ्यांशी आणि झोक्यांखाली झिजतं, आणि एकदा फाटलं की टॅनबार्कसारखं फावड्याने सारखं करता येत नाही, तो तुकडा कापून नव्याने ओतावा लागतो. सुरुवातीचा पैसा देणगीतून येतो, पण देखभाल वर्षानुवर्षं शहराच्या अंदाजपत्रकातूनच व्हायची असते. फीत कापायला देणगीदार मिळतो. सातव्या वर्षी रबर बदलायला मिळणं कठीण.

स्वच्छतागृहाची गोष्ट तर जवळपास कुठल्याच सार्वजनिक उद्यानात सुटलेली नाही. तान्ह्या बाळाचं लंगोट बदलायचं टेबल असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं बदलायला मोठं टेबल लागतं, ते क्वचितच असतं. त्या वेळी आई काय करते ते मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पैशाचा मुद्दा तर सगळ्यात मोठा. पालो आल्टो देशातल्या श्रीमंत शहरांपैकी एक. तिथे एका जिद्दी आईला 40 लाख डॉलर उभे करता आले. पूर्व सॅन होजेतल्या आईने ते कुठून आणायचे? यावर सांता क्लारा काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 2017 मध्ये जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. काउंटीच्या कारभारी मंडळाचे तेव्हाचे सदस्य जो सिमिटियन यांनी विषय लावून धरला आणि सर्वसमावेशक क्रीडांगणांसाठी काउंटीने 1 कोटी डॉलरचा निधी काढला. शहरांनी, शाळांच्या मंडळांनी अर्ज करायचे आणि आपला वाटा घालायचा. एक जागा तीर्थक्षेत्र झाली की गर्दी होते, तर मग दहा जागा करा. सनीवेलच्या फेअर ओक्स पार्कमध्ये आणि माउंटन व्ह्यूच्या रेंगस्टॉर्फ पार्कमध्ये मॅजिकल ब्रिजच्या धर्तीवर क्रीडांगणं झाली, काउंटीबाहेर रेडवुड सिटीच्या रेड मॉर्टन पार्कमध्येही झालं. सॅन होजेत विमानतळाजवळ रोटरी प्लेगार्डन 2015 मध्येच उघडलं होतं. मराठी मंडळाच्या पॉटलकला आता ‘आम्हाला जवळ कुठलं?’ असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकाहून जास्त नावं असतात.

40 लाख डॉलर नसतील तर

सासूबाई परत जाताना म्हणाल्या, ‘आपल्याकडे एवढा पैसा कुठला!’ मला वाटतं, तिकडची पहिली अडचण पैशाची नाहीच. आपल्याकडच्या कितीतरी बागांच्या दाराशी दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लोखंडी अडसर लावलेले असतात, आडवेतिडवे, एका माणसाने अंग चोरून जावं असे. व्हीलचेअर तिथेच थांबते. तो अडसर तीन फूट रुंद करायला देणगीदार लागत नाही. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा करमणुकीत आणि सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करतो, त्यामुळे मागणी करायला आधारही आहे.

बंगळुरूत किलिकिली ही पालकांची संस्था 2005 पासून नेमकं हेच करते आहे. नवी बाग बांधायची नाही, महापालिकेच्या असलेल्या बागेत जायचं, पालिकेला सोबत घ्यायचं, झोके बदलायचे, वाटा सारख्या करायच्या आणि मग वस्तीतल्या सगळ्या मुलांना बोलवून एकत्र खेळ घ्यायचे. शेवटचं काम बांधकामाइतकंच महत्त्वाचं, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. आपल्याकडे मातीची टेकडी करायला रबर लागत नाही. मुरूम, चांगला चोपलेला, आणि सावकाश चढणारी वाट. घसरगुंडी त्या उतारावर टेकवली की फळी, पायऱ्या, सरपटणं सगळं गळून पडतं. आणि सावली. कॅलिफोर्नियापेक्षा विदर्भात ती किती जास्त लागेल ते मी सांगायला नको.

आमच्या घराजवळचं ते छोटं उद्यान आता नव्याने करायचं ठरलं आहे. नागरिकांची पहिली बैठक झाली. मी मॅजिकल ब्रिजचे फोटो नेले नाहीत, ते पाहिले की लोक लगेच खर्चावर जातात. मी फक्त मोजपट्टी आणि दोन प्रश्न घेऊन गेले. मूल वर खेळत असेल तेव्हा त्याची खुर्ची कुठे असेल? आणि ते घसरून खाली आल्यावर, खुर्ची येईपर्यंत, कुठे बसेल? आराखडा करणारी तरुण मुलगी थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिली. पहिल्या प्रश्नावर ती म्हणाली की टेकडीला जागा पुरते का ते पाहावं लागेल. दुसऱ्या प्रश्नावर तिने घसरगुंडीच्या तोंडाशी पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि त्यात माप लिहिलं. पुढच्या बैठकीत छापील नकाशा येणार आहे. तो चौकोन त्यात आहे का, ते मी आधी बघणार आहे.